टर्बो गाडीचं हेड गॅस्केट तपासायचा निळ्या पाण्याचा टेस्टर: सोलापूरच्या उन्हात किती भरवशाचा?

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३-४४ वर टेकला की गॅरेजच्या दारात बॉनेट उघडून उभ्या गाड्या वाढतात, आणि निदान बऱ्याचदा एकाच वाक्यात होतं: "गॅस्केट उडालंय, हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो व खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे गॅस्केट. ते खरं असेलही. पण टर्बो गाडीचं हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग चेन किंवा बेल्ट, इंजेक्टर, दोन्ही मॅनिफोल्ड आणि टर्बोला जाणाऱ्या ऑइलच्या व पाण्याच्या नळ्या एवढं सगळं खोलायचं. उघडल्यावर गॅस्केट धड निघालं तरी नवं घालावंच लागतं, कारण एकदा दाबलेलं गॅस्केट परत बसत नाही. म्हणून आधी पुरावा हवा. तो पुरावा देण्याचा दावा करणारं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे निळ्या पाण्याचा टेस्टर.

ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी मिळणाऱ्या या वस्तूत खरं तर फारसा फरक नाही. एक पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, तिच्या खाली रबरी सुळका, वर हवा ओढायचा रबरी फुगा आणि सोबत निळ्या द्रवाची बाटली. सुळका रेडिएटरच्या किंवा कुलंट टाकीच्या तोंडावर दाबून धरायचा आणि फुगा दाबत राहायचं. टाकीतली हवा निळ्या द्रवातून बुडबुडत वर येते. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल, म्हणजे सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्यात शिरत असेल, तर द्रवाचा रंग बदलतो. या द्रवात ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा दर्शक असतो. तो पीएच (आम्लता मोजायचं माप, कार्बन डायऑक्साइडने ते उतरतं) ७.६ च्या वर निळा आणि ६ च्या खाली पिवळा दिसतो, मधल्या टप्प्यात हिरवा. पेट्रोल गाडीत रंग थेट पिवळा होतो. डिझेलमध्ये तो बहुधा हिरव्यावरच थांबतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

घेताना एकच गोष्ट बघा: नळीत एक कप्पा आहे की दोन. एका कप्प्याच्या टेस्टरमध्ये कुलंटचा एक थेंब वर ओढला गेला की चाचणी वाया जाते, कारण कुलंटमुळे द्रवाचा रंग आणि पीएच दोन्ही बिघडतात. दोन कप्प्यांच्यात खालचा खराब झाला तरी वरच्याचा रंग बघता येतो. थोडे पैसे जास्त गेले तरी दोन कप्प्यांचाच घ्यावा. दुसरी अडचण सुळक्याची. तो जुन्या पद्धतीच्या रेडिएटरच्या तोंडावर छान बसतो. पण आजच्या बहुतेक टर्बो गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नसतं, दाब धरणारी प्लॅस्टिकची टाकी असते आणि तिचं तोंड आट्यांचं असतं. तिथे सुळका कडेने हवा ओढतो, बाहेरची ताजी हवा आत मिसळते आणि उडालेलं गॅस्केटही निर्दोष सुटतं. आट्यांचे अडॅप्टर सोबत असलेला संच मिळाला तर उत्तम. नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा टाकीच्या गळ्यावर चढवून त्यात सुळका घट्ट दाबावा.

वापरायची पद्धत खोक्यावर चार ओळींत उरकलेली असते, म्हणून इथे नीट लिहितो. गाडी पूर्ण थंड असताना झाकण उघडा. कुलंटची पातळी दोन-तीन इंच खाली आणा, म्हणजे पाणी फुगून वर आलं तरी टेस्टरमध्ये शिरणार नाही. गाडी चालू करा आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत थांबा, म्हणजे रेडिएटरचा दुसरा होजही गरम लागला पाहिजे. पंखा एकदा लागून बंद झाला की इंजिन चाचणीच्या तापमानावर आलं. द्रव खुणेपर्यंत भरा, सुळका दाबून धरा आणि इंजिन साधारण २००० आरपीएमवर ठेवून दोन मिनिटं फुगा संथपणे दाबत राहा. घाई केली की द्रवच उडून फुग्यात जातो. पाणी उकळत असेल तर चाचणी करूच नका; गरम वाफ तोंडावर येईल, आणि उकळत्या पाण्याचे बुडबुडे व गॅसचे बुडबुडे डोळ्यांना सारखेच दिसतात.

द्रव जिवंत आहे का हे आधी बघावं. थोडा द्रव वेगळा काढून त्यात स्ट्रॉने फुंकर घाला. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनेही तो पिवळसर व्हायला हवा. तसा झाला नाही तर बाटली परत करा. झाकण सैल राहिलेली बाटली हवेतला वायू शोषून आपोआप हिरवट होते. सोलापूरच्या उन्हात ती डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका, सावलीत घट्ट बंद करून ठेवा.

आता सोलापूरच्या पाण्याबद्दल, कारण याचा उल्लेख सहसा कुठेच होत नाही. शहराला उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे गाडीच्या रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी जातं. बोअरच्या जड पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट असतात. ते तापले की त्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चुन्याचा थर मागे राहतो; पाणी तापवायच्या भांड्यात जमणारा पांढरा थर तोच. म्हणजे आजच बोअरचं पाणी भरून लगेच चाचणी केली, तर गॅस्केट ठणठणीत असतानाही द्रव किंचित हिरवट होऊ शकतो. उपाय सोपा आहे. आधी प्रणाली धुऊन काढा, डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट अर्धं-अर्धं भरा, दोनदा तापवून गार करा, हवा काढा आणि मग टेस्टर लावा. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर शहरात बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतं.

हाच बोअरचा चुना गॅस्केट जाण्याचं मूळ कारणही ठरतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, हेडमधले पाण्याचे मार्ग आकसतात आणि दोन सिलिंडरमधला अरुंद पट्टा सगळ्यात आधी तापतो. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक तेवढा वाकत नाही आणि मधल्या गॅस्केटवरचा दाब उतरतो. टर्बो गाडीत सिलिंडरमधला ज्वलनाचा दाब साध्या गाडीपेक्षा बराच जास्त असतो. टर्बो डिझेलमध्ये तो शंभर बारच्या कितीतरी वर जातो, आणि समोरच्या पाण्यात दाब असतो जेमतेम एक-दीड बार. फट केसाएवढी असली तरी वायू पाण्याकडेच धावणार. त्यातून रीमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवलेला असेल तर पेट्रोल टर्बोत नॉकिंगचे (इंधन अवेळी पेटण्याचे) हादरे गॅस्केटच्या कडेची कडी फोडतात.

पण ही फट आयडलवर (गाडी उभी, रेस न देता) बंद असू शकते, आणि टर्बो गाडीच्या बाबतीत या टेस्टरची खरी मर्यादा हीच आहे. गॅरेजसमोर उभ्या गाडीत टर्बो जवळजवळ बूस्ट देतच नाही. २००० आरपीएमवर नुसती रेस दिली तरी भार नसतो. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चार माणसं आणि एसी घेऊन चढताना जो दाब तयार होतो, तो उभ्या गाडीत होत नाही. म्हणून "टेस्टर निळाच राहिला, गॅस्केट चांगलं आहे" हा निष्कर्ष टर्बो गाडीत चुकीचा असू शकतो. शहरात ठीक चालणारी आणि घाटातच पाणी फेकणारी गाडी आली की हे ओळखावं.

याला एक चांगली तोड आहे. संध्याकाळी गाडी घाटात किंवा मोहोळच्या बाजूला हायवेवर भार देऊन चालवा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. काटा चढू लागला तर तिथेच थांबा. परत आणून झाकण न उघडता रात्रभर ठेवा. निरोगी गाडीत सकाळपर्यंत पाणी आकसून टाकीतला दाब शून्यावर किंवा थोडा उणे येतो. सकाळी थंड गाडीचं झाकण सैल करताच फुस्स आवाज आला, वरचा होज दाबला तर टणक लागला, तर आत असा वायू आहे जो गार होऊनही आकसून गेला नाही. वाफ असती तर तिचं पाणी झालं असतं. तेव्हाच, इंजिन बंद ठेवूनच, सुळका टाकीच्या तोंडावर ठेवून वीस-पंचवीस वेळा फुगा दाबा. रंग बदलला तर रात्री साठलेला वायू पकडला गेला. मात्र इथे निळं राहिलं तर त्यावरून काहीही ठरवू नका, कारण झाकण उघडताना वायू निसटूनही जातो.

डिझेलवर अजून एक गोष्ट. डिझेल इंजिन भरपूर जादा हवा घेऊन चालतं, त्यामुळे आयडलवर त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो. पेट्रोलच्या धुरात तो कितीतरी पट जास्त असतो. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्यांत आलेलं १२४८ सीसीचं टर्बो डिझेल इंजिन जिल्ह्यात आजही हजारोंनी फिरतंय, आणि अशा गाडीत पिवळ्या रंगाची वाट बघत बसणं चुकीचं आहे. निळा ते हिरवा एवढा बदलसुद्धा तिथे गंभीर मानावा. शेजारी न वापरलेला द्रव काचेच्या बाटलीत ठेवून पांढऱ्या कागदासमोर दोन्ही रंग ताडून बघावेत. नुसत्या आठवणीवर रंग ठरवू नये.

आणि रंग बदलला म्हणजे गॅस्केटच, असंही नाही. टेस्टर एवढंच सांगतो की जळलेला वायू पाण्यात आला. तो कुठून आला हे सांगायची त्याची कुवत नाही. हेडला तडा असेल तरी हाच निकाल येतो. पण त्याहून महत्त्वाचा, आणि वारंवार नजरेतून सुटणारा गुन्हेगार म्हणजे डिझेल गाडीचा ईजीआर कूलर, इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग. त्यात एका बाजूला गरम धूर आणि दुसऱ्या बाजूला कुलंट, मध्ये पातळ पत्रा. हा पत्रा फुटला की धूर पाण्यात जातो, पाणी धुरात जातं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, कुलंट कमी होतं आणि निळं पाणी हिरवं होतं. लक्षणं थेट गॅस्केटची. हेड उतरवून, फेसिंग करून (त्याचा तळ घासून सपाट करून), नवं गॅस्केट बसवून गाडी बाहेर पडते आणि आठवड्यात पुन्हा पाणी खायला लागते.

हे टाळायला ईजीआर कूलरच्या पाण्याचे दोन्ही होज काढून पाइपच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, म्हणजे कूलर पाण्याच्या वाटेतून बाहेर पडला. मग पुन्हा निळी चाचणी करा. रंग बदलायचा थांबला तर कूलर दोषी. खात्रीसाठी कूलर काढून त्याचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून एक ते दीड बार हवा द्या आणि पाण्याच्या टपात बुडवा. बुडबुडा निघाला की प्रश्न संपला. तात्पुरता जोड देऊन गाडी गावभर फिरवू नका. पाण्याविना तापलेला कूलर उरलासुरलाही फुटतो.

टर्बोही गॅस्केटचं सोंग घेतो. पाण्याने गार होणाऱ्या टर्बोच्या नळ्यांना बॅन्जो बोल्ट आणि तांब्याचे वॉशर असतात. तिथून गळणारं कुलंट तापलेल्या टर्बाइनच्या घरावर पडून क्षणात वाफ होतं, जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. पाणी कमी होतं, गळती मात्र सापडत नाही, आणि "आत जातंय" असं ठरतं. टॉर्च घेऊन टर्बोभोवती बघा, गुलाबी, हिरवी किंवा पांढरी सुकलेली पुटं दिसतील. सायलेन्सरमधून निळसर धूर आणि ऑइल कमी होणं हे टर्बोच्या सीलचं लक्षण असू शकतं, हेड गॅस्केटशी त्याचा सहसा संबंध नसतो. चढावर ताकद नाही पण पाणी जिथल्या तिथे, तर आधी इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या भागाचा) होज फाटलाय का बघा.

म्हणून निळ्या टेस्टरसोबत हातपंपाचा प्रेशर टेस्टर हवाच. कुठला आधी घ्यावा असं कुणी विचारलं तर प्रेशर टेस्टर, हे स्पष्ट मत. झाकणावर छापलेला दाब बघा, समजा १.१ बार, म्हणजे साधारण १६ पीएसआय. थंड गाडीला तेवढाच दाब द्या, त्याहून जास्त नाही, नाहीतर चांगली टाकी फुटेल. पंधरा मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. काटा उतरला आणि बाहेर ओल नाही, तर पाणी आत जातंय. तसाच दाब ठेवून काही तास जाऊ द्या. मग डिझेलचे ग्लो प्लग किंवा पेट्रोलचे स्पार्क प्लग काढा आणि तेव्हाच स्टार्टर फिरवा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा उडेल तो सिलिंडर. प्लग न काढता स्टार्टर मारू नका. पाणी दबत नाही. भरलेल्या सिलिंडरवर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅस्केटच्या खर्चावर पूर्ण इंजिनचा खर्च येऊन पडतो. त्याच पंपाला अडॅप्टर लावून झाकणही तपासा. एक बारचा दाब धरला तर साधं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर धडधाकट इंजिनही पाणी फेकतं, आणि झाकण हा या सगळ्यात सर्वांत स्वस्त भाग आहे.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते गेजने मोजण्याचा, निकाल उपयोगी आहे, पण अर्धवट. पेट्रोलचा गेज डिझेलला लावू नका, डिझेलला २५-३० बारच्या पुढे दाखवणारा वेगळा गेज लागतो. आकडा किती आला यापेक्षा चारी सिलिंडरचा फरक बोलतो. तीन सिलिंडर २८ आणि एक २१, तर तिथे काहीतरी आहे. शेजारचे दोन एकदम खाली, तर त्या दोघांमधलं गॅस्केट जळलंय. अशा गाडीत पाणी कमी होत नाही, रंगही बदलत नाही, इंजिन फक्त थरथरतं. उलट केसाएवढ्या फटीमुळे वायू पाण्यात जात असूनही कॉम्प्रेशन व्यवस्थित दाखवणाऱ्या गाड्या असतात. त्यांच्यासाठी लीक-डाउन चाचणी: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा द्यायची आणि ती कुठे जाते ते ऐकायचं. टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. ऑइलच्या झाकणातून फुसफुसलं तर रिंग. सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. इनटेकचा आवाज ऐकताना टर्बो गाडीत इंटरकूलरचा होज थ्रॉटलपाशी काढावा, नाहीतर लांबलचक नळ्यांत आवाज विरून जातो. हवा देताना क्रँक फिरू शकतो, हात आणि पाना दोन्ही पुलीपासून दूर.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात. डिसेंबर-जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दवामुळेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र गाडी चालू करू नका, कारण टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर तरंगतं. आणि उलट, कुलंट टाकीत ऑइल आलं तर आधी ऑइल कूलर तपासा. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे कूलर फुटला की ऑइलच पाण्यात जातं.

दोन गोष्टींमुळे कुठलाही टेस्टर निकामी होतो. पहिली, थर्मोस्टॅट काढून टाकलेली गाडी. उन्हाळ्यात "गरम होते" म्हणून तो काढायची पद्धत इथे जुनी आहे. अशा गाडीत इंजिन चाचणीच्या तापमानावर पोहोचायलाच फार वेळ लागतो आणि निकाल फसवा येतो. आधी थर्मोस्टॅट बसवा. दुसरी, रेडिएटरमध्ये टाकलेली गळतीबंद पावडर किंवा हळद. हायवेवर अडकलेल्या जुन्या ट्रकला हळदीने गावापर्यंत नेलं असेल, पण टर्बोच्या पाण्याच्या नळ्या करंगळीपेक्षा बारीक असतात. त्या बुजल्या की गॅस्केट राहिलं बाजूला, टर्बोचं बेअरिंग जातं.

पुरावा पक्का झाल्यावर हेड उतरवायचंच असेल तर लेथवाल्याकडे देण्याआधी सरळपट्टी आणि फिलर गेजने लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजून घ्या. बऱ्याच अॅल्युमिनियम हेडना वाक ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पुढे चालत नाही. ब्लॉकचा माथाही मोजा, तो बहुतेक वेळा कुणी मोजतच नाही. तड्यासाठी हेडची प्रेशर टेस्ट आधी, फेसिंग नंतर. अनेक डिझेल हेडना कंपनी फेसिंगची परवानगीच देत नाही. डिझेलचं गॅस्केट दोन-तीन जाडीत येतं, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून ओळखतात, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून जाडी निवडतात. जुन्यावर किती खाचा होत्या ते फोटो काढून ठेवा. आधी टॉर्क (ठरावीक जोर) आणि मग अंश (ठरावीक कोन) अशा पद्धतीने आवळायचे बोल्ट ताणले गेलेले असतात, ते नवेच घ्या. बोल्टची भोकं हवेने कोरडी करा. तळात पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकच तडकतो.

काम झाल्यावर गॅरेजमधून निघताना निळा द्रव पुन्हा भरायचा, नवा, आधीचा नाही. एकदा घाटाची फेरी, रात्रभर विश्रांती, सकाळी झाकण. फुस्स आवाज नाही, होज मऊ, आणि तापलेल्या इंजिनावर दोन मिनिटं फुगा दाबूनही कागदासमोर धरलेल्या दोन्ही बाटल्या सारख्याच निळ्या दिसल्या की मगच बिल चुकतं करा. नंतर नळी आणि सुळका डिस्टिल्ड वॉटरने धुऊन वाळवा. कुलंटचा सुकलेला थर आत राहिला तर पुढच्या गाडीचा निकाल खोटा येईल.